आडनाव नसलेली बैठक

ब्याऐंशी साली वाशीतल्या नव्या सोसायटीत तळमजल्यावरच्या मुकुंदरावांनी ‘नवसमाज मंडळ’ काढलं. जात मोडायची, म्हणून तिथं कुणी आडनाव सांगायचं नाही, असा नियम. बीडकडचे कारकून रावसाहेब मोठ्या आशेनं पहिल्या बैठकीला गेले. मुकुंदरावांचं भाषण झकास झालं. चहाच्या वेळी ते हळूच रावसाहेबांशेजारी सरकले.

“गावाकडं घर कुठल्या अंगाला तुमचं? देवळाजवळ, की वेशीबाहेर?”

रावसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आडनाव गाळायला लावायचं आणि मग घर विचारून जात हुंगायची! कसला डोंबलाचा नवा समाज! त्यांनी कप खाली आदळला.

“गावाकडचं कशाला शोधताय, मुकुंदराव? माझं घर आता तुमच्या डोक्यावर आहे, पहिल्या मजल्यावर!”