भिंतीकडे तोंड

"हा पाला तुम्ही कधी कुणाला दाखवलात?" पेटंट कचेरीतल्या सुनावणीत कंपनीच्या वकिलाने विचारले.

"छे! कुणालाच नाही," आई म्हणाली. "पोटच्या पोरीलासुद्धा नाही. विचारा तिला, समोरच बसलीय."

मी समोरच बसले होते. आईच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता, की जणू तिनेच वकिलाची बोलती बंद केली होती. माझ्या शेजारी आमच्या वकीलबाईंनी हातातले पेन हळूच खाली ठेवले. कितीतरी दिवस त्या आईला पढवत होत्या, "मावशी, हे औषध लोकांना आधीपासून माहीत होतं, एवढंच दाखवायचंय. मग कंपनीचं पेटंट टिकत नाही. पण गुपित होतं म्हणालात, तर सगळं संपलं." आई मान डोलवायची. आणि आज शपथ घेतल्याबरोबर तिने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला.

आई खोटे बोलतच नाही, असे मुळीच नाही. दुकानदाराशी भाव करताना ती बिनदिक्कत बोलते. पण या एका बाबतीत खोटे बोलायचे म्हणजे कुणाला सांगणार नाही असा सासूला दिलेला शब्द मोडला असे चारचौघांत कबूल करायचे. ते तिच्याच्याने होणे शक्य नव्हते.

आमची गल्ली काचेच्या कारखान्याच्या मागे. भट्टी आली म्हणजे भाजणे आलेच. आई तिथेच पॅकिंग खात्यात, ग्लास कागदात गुंडाळते. पण तिची खरी ओळख म्हणजे मलम. कुणाचा हात पोळला, की माणूस आधी आमच्या दारात. आई त्याला स्टुलावर बसवायची आणि फर्मान सोडायची, "तोंड भिंतीकडे!" कारखान्यात सगळ्यांवर डाफरणारा भट्टीचा मुकादमही मुकाट्याने भिंतीकडे तोंड करायचा. मग आई सगळ्यांच्या देखत नळाजवळच्या झुडपाचा रुंद पाला तोडायची, आत जाऊन कडी लावायची आणि मलम वाटून आणायची. फोड बसायचा, डागही राहायचा नाही. पैशाला तिने कधी हात लावला नाही. मोबदला एकच, माणसाने मागे वळून बघायचे नाही.

हे औषध आजीने मरण्याआधी धाकट्या सुनेला, म्हणजे आईला सांगितले. थोरल्या सुनेला, म्हणजे काकूला डावलून. तेव्हापासून दोघी जावांचा अबोला. घरे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, आणि बोलणे नाही.

पुढे या औषध कंपनीच्या एक संशोधक बाई प्रयोगशाळेसाठी काचेची भांडी ठरवायला कारखान्यात आल्या आणि गरम नळीला हात लावून बसल्या. आईने त्यांनाही भिंतीकडे बसवले, मलम लावले, वर स्वच्छ पट्टी बांधली. बाई आभार मानून गेल्या. आईचे गुपित आईनेच त्यांच्या हाताला बांधून दिले होते. पट्टीवरच्या मलमातून कंपनीने पाला हुडकला, त्याचा अर्क काढला आणि भाजल्यावर तो वापरण्याचा हक्क स्वतःच्या नावावर करून घेतला. मग आईला बजावण्यात आले, की तिने हे मलम करणे बंद करावे.

"माझ्या सासूचा पाला, आणि मीच बंद करू?" आई म्हणाली होती. ती तेव्हा चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. मलम गेले तर उरते काय, ग्लास गुंडाळणारी एक बाई.

"थोडक्यात," कंपनीचा वकील सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाला, "या बाईंच्या डोक्याबाहेर हे ज्ञान कुठेच नव्हतं. जगापुढे ते माझ्या अशिलांनी आणलं."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "तुमचा आणखी कुणी साक्षीदार?"

वकीलबाईंनी मागे पाहिले. मागच्या बाकांवर निम्मी गल्ली बसली होती. बाईंनी महिनाभर घरोघरी जाऊन विचारले होते आणि प्रत्येकाने एकच उत्तर दिले होते, "आम्हाला काय माहीत? तिलाच विचारा." आताही सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.

तेवढ्यात काकू उठली.

"मला बोलायचंय."

"तिला काय माहीत!" आई एकदम ओरडली.

काकूने शपथ घेतली आणि आईकडे न बघता बोलायला लागली. "करडा, बारीक पाला. कारखान्याच्या मागच्या भिंतीच्या भेगांत उगवतो. चुरगाळला की लोखंडासारखा वास येतो. उकळून गार केलेल्या पाण्यात वाटायचा, तेल शेवटी. नळाजवळचा रुंद पाला नुसता दाखवायला."

"हे तुम्हाला कसं कळलं?" वकिलाचा आवाज चढला.

"तो रुंद पाला ही मागच्या खिडकीतून फेकते. माझ्या अंगणात पडतो. इतकी वर्षं मीच झाडतेय. वाटायला नेलेला पाला जसाच्या तसा बाहेर येतो म्हटल्यावर माणूस शोध घेणारच ना? घेतला, त्याच खिडकीच्या फटीतून. आणि रागाच्या भरात सगळ्या गल्लीला सांगून टाकला. म्हटलं, बघू हिची ऐट किती दिवस टिकते."

"मग?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"मग काय, टिकलीच की! पाला सगळ्यांना ठाऊक, आणि भाजलं की सगळे हिच्याच दारात. हात हलका आहे तिचा. मीही लावून बघितलं लोकांना. बोंबलायचे."

कुणीतरी हसले. आई हसली नाही.

कंपनीच्या वकिलाने हरकत घेतली, की ही घरची बाई, हिला पढवून आणले असणार. तेव्हा अधिकाऱ्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना बाहेर बसवले, एका ताटात तऱ्हेतऱ्हेचा पाला ठेवला आणि एकेकाला आत बोलावले. आधी मुकादम आला. ताटावर नजर फिरवली आणि करडी काडी उचलली. मग चांभार. मग शाळेतल्या बाई. त्यांनी तर पाला चुरगाळून वासही घेतला. प्रत्येक जण तीच काडी उचलायचा, आणि आईला ओलांडून जाताना मान खाली घालायचा.

आई ताटाकडे बघत होती. दर माणसागणिक ती खुर्चीत लहान होत चालल्यासारखी वाटत होती. आम्ही जिंकत होतो, आणि मला कुणीतरी हे थांबवावे असे वाटत होते.

"माहीत होतं, तर भिंतीकडे तोंड करून कशाला बसायचात?" शेवटी न राहवून अधिकाऱ्यांनी मुकादमाला विचारले.

मुकादमाने टोपी हातात चुरगाळली. "त्या सांगायच्या म्हणून, साहेब." मग आईकडे वळून पुटपुटला, "वहिनी, राग मानू नका."

कंपनीचे पेटंट रद्द झाले. निकाल कळला तेव्हा गल्लीत लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. आईने फक्त दिवा लावला आणि भांडी घासायला बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आईची मूठ भर कचेरीत उघडली होती, आणि आत काय आहे ते सगळ्यांना आधीच माहीत होते.

त्यानंतर तिने मलम केले नाही. कुणी आलेच तर म्हणायची, "पाला आहे ना ठाऊक? लावा की घरी." लोक ओशाळून परत जायचे. मी एकदा म्हटले, "आई, अगं तुझा मान ठेवायलाच गप्प होते ना सगळे?" ती म्हणाली, "मला मान नको होता. मला ते माझं हवं होतं."

मग एका दुपारी मुकादम स्वतःच आला. कोपरापासून मनगटापर्यंत हात लाल झाला होता, आणि वेदनेने त्याचे ओठ पांढरे पडले होते. आई दारात उभी राहिली. नेहमीचे वाक्य तिच्या तोंडापर्यंत आले होते, ते मला दिसले. मुकादमाने कोपऱ्यातले स्टूल ओढले, त्यावर बसला आणि कुणी न सांगता भिंतीकडे तोंड केले.

आई त्याच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. मग बाहेर गेली, नळाजवळच्या झुडपाचा रुंद पाला ओंजळभर तोडून आणला, माझ्यासमोरून आत नेला आणि कडी लावली. मीही तोंड फिरवले.

आतून वाटण्याचा आवाज आला. मग मागची खिडकी उघडली आणि मिटली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे, काकूच्या अंगणात, खराटा फिरू लागला.