चौथ्या खुर्चीचं शेवटचं पान

काजकाकूंच्या धाकट्या नणंदेनं पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं, त्या वर्षाची ही गोष्ट. घरातल्या मोठ्यांनी नाकं मुरडली. दिरानं तर बहिणीशी बोलणंच टाकलं. नवरीच्या कपड्यांचं काज-बटण काजकाकूंनी केलं, आणि चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "तिचं वय तिला माहीत आहे. तुम्हाला तुमचं माहीत असलं म्हणजे झालं."

काजकाकू बाजारामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानात काज, बटण आणि तुरपाई करायच्या. अक्षरं त्या शिकल्या केस पिकल्यावर, शेजारी पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरदादांकडे. दादांकडे छापखान्यातले वाया गेलेले कागद येत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर दादा मोठी अक्षरं काढून देत आणि काकू दुपारच्या सुट्टीत ती गिरवत. पण पहिल्याच आठवड्यात काकू कुरकुरल्या.

"दादा, यात पुढे काय होतं?"

"कशात?"

"ह्या नळात. 'नळ बघ' म्हणता. बघितला. पुढे काय?"

"नळात काय होणार? पाणी येणार."

"मग तेवढ्यासाठी मी डोळे फोडायचे का?"

दादा खो-खो हसले आणि त्यांनी कपाटातून एककान्याचं पहिलं पुस्तक काढून काकूंच्या हातात ठेवलं. एककान्या म्हणजे त्या गुप्तहेराच्या मालिकेचा नायक. त्याला उजव्या कानानं ऐकू येत नसे, आणि ज्याला खोटं बोलायचं असेल तो माणूस नेमका त्याच बाजूला जाऊन बसे. बिचाऱ्यांना वाटे, आपलं बोलणं याला पुरतं कळत नाही. एककान्या मान हलवत राही आणि सगळं ओठांवरून वाचून घेई. पहिलं पुस्तक संपायला काकूंना एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा लागला. त्यानंतर त्यांनी मालिका सोडली नाही.

वाचणारे चौघे होते. दादा, काकू, बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला कंडक्टर आणि कोपऱ्यावरचा चष्मेवाला. पुस्तक मात्र एकच. ते आलं की दादा सुरीनं त्याचे पाच भाग करत, प्रत्येकाला पातळ पुठ्ठा लावत आणि भाग हातोहात फिरत. पाचवा भाग ते कडेनं दोरा घालून बंद करत आणि स्वतःच्या उशाशी ठेवत. चौघांचे चार भाग वाचून झाले की सगळे दादांच्या खोलीत जमायचे. प्रत्येकानं खुनी कोण ते सांगायचं, भांडायचं, शब्द मागे घ्यायचा नाही. मग दादा टाके कापत आणि शेवट मोठ्यानं वाचत. त्याआधी शेवटाकडे बघायचं नाही, हा नियम. वाचून झालं की पाचही भाग पुन्हा एकत्र बांधून पुस्तक वाचनालयाला भेट.

त्या वर्षी चौदावं पुस्तक आलं, 'चौथी खुर्ची'. काचेच्या कारखान्याचा म्हातारा मालक आपल्याच बैठकीत मरून पडलेला. त्याची गादी आणि त्याचा पेला सोडून खोलीत चार खुर्च्या, चार उष्टे पेले, आणि बसणारे फक्त तीन: त्याची दुसरी बायको, पुतण्या आणि कारखान्याचा मुनीम. चौथ्या खुर्चीवर कोण बसलं होतं, यावर चौघांचं महिनाभर डोकं चाललं.

"बायको," कंडक्टर म्हणाला.

"तू दर पुस्तकात बायकोलाच धरतोस," काकू म्हणाल्या. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"घरी मलाच धरतात हो. म्हणून इथे येऊन धरतो."

काकूंचा संशय पुतण्यावर होता. "येता-जाता काकांच्या तब्येतीची एवढी चौकशी कोण करतं? मला माझ्या पुतण्यानं इतक्यांदा विचारलं तर मी घराला कुलूप लावीन."

हे सगळं दादांच्या पलंगाभोवती चालायचं, कारण दादा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. छातीचं दुखणं होतं. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. दादांनी मुद्दाम विचारलं नव्हतं, पण त्यांना ते कळत होतं. म्हणायचे, "एककान्या काय करतो तेवढं बघू दे. मग माझी काही तक्रार नाही."

काकूंचा चौथा भाग संपायचा राहिला होता. त्या सावकाश वाचत, आणि कुणी घाई केली की आणखी सावकाश. एका दुपारी त्या दुकानात कोटाच्या काजाला टाका घालत होत्या, तेव्हा तिघं एकदम आत आले. चष्मेवाला, कंडक्टर आणि मागे दादांची सून. सुनेच्या हातात कापडी पिशवी होती. शिंपी माप घ्यायला बाहेर गेला होता.

"काकू, एक घोळ झालाय," चष्मेवाला म्हणाला. त्याची मान खाली होती. "मावसभावाकडे गेलो होतो. त्याच्या टेबलावर हेच पुस्तक. हात शिवशिवले."

"शेवट वाचलास?"

"शेवटचंच पान वाचलं. नुसतं एक."

"चोर एकच चमचा नेतो म्हणून त्याला पाहुणा म्हणत नाहीत," काकू म्हणाल्या. "मग?"

चष्मेवाल्यानं कंडक्टरकडे बघितलं. कंडक्टरनं कमरेवर हात ठेवले, जणू बस थांब्यावर उभी आहे. "एककान्या मरतो, काकू. बुडतो."

काकूंची सुई थांबली.

मग सून बोलली. तिनं पिशवीतून पाचवा भाग काढला. दादा झोपले असताना तिनं तो उशाखालून घेतला होता. "काकू, मी हात जोडते. रोज सकाळी उठले की ते आधी उशाखाली हात घालतात. त्याच्यावर जीव टांगून राहिलेत. त्यांना हे ऐकवायचं कसं? खुनी सापडतो, तिथंच पुस्तक संपवू. शेवटचं एक पान काढायचं आणि कडेचे टाके होते तसे घालायचे. त्यांच्यासारखा टाका दुसऱ्या कुणाला जमणार नाही. तुम्हाला जमेल."

"पाचच मिनिटांचं काम," चष्मेवाला म्हणाला.

"तू गप्प बस," काकू म्हणाल्या.

त्यांनी तो भाग हातात घेतला. दादांचे टाके बारीक होते, पण शेवटचे चार वाकडे. हात थरथरत असताना घातलेले. काकूंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांना स्वतःचा नवरा आठवला.

तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं. इस्पितळाचा कागद त्यांच्याच हातात होता, त्यांनीच तो घडी करून घरी आणला होता. दिरानं तो वाचला आणि म्हणाला, "साधा खोकला आहे, वहिनी. औषधानं जाईल." नवऱ्यालाही तेच सांगितलं. नवऱ्यानं कुणाचा निरोप घेतला नाही, तो रागावला नाही, मनातलं कुणाशी बोलून घेतलं नाही. रोज कामावर गेला, कारण साधा खोकला होता. गेला तेव्हा कळलं की सगळ्या घराला ठाऊक होतं. फक्त त्या दोघांना नव्हतं. दीर आजही म्हणतो, तुमच्या भल्यासाठीच केलं.

"मी हे करणार नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, अहो, ते शेवटचे दिवस..."

"म्हणूनच. तू त्यांना भरवतेस, उठवतेस, बसवतेस. तुझ्याइतकं कुणी केलं नसतं, आणि तसं मी चारचौघांत सांगेन. पण त्यातून त्यांच्या पुस्तकाचं पान काढायचा हक्क मिळत नाही."

"त्यांना काही झालं तर?" सुनेचा आवाज चढला. "तुम्ही जबाबदार राहाल?"

"राहीन. आज संध्याकाळी सगळे या. माझी थोडी पानं राहिलीत, ती मी आत्ता वाचते."

"आणि मी दुसऱ्याकडून शिवून घेतलं तर?"

"कुणाकडून? कंडक्टरकडून? त्याला स्वतःचं बटण लावता येत नाही." काकूंनी पाचवा भाग आपल्या मांडीखाली सरकवला आणि वर बसल्या. "उठवा आता मला."

कंडक्टर बाहेर जाताना हळूच म्हणाला, "मला पहिल्यापासून हे पटलं नव्हतं."

"मग तोंडात काय धरलं होतंस, शिट्टी?"

संध्याकाळी दादांच्या खोलीत खळीचा वास भरला होता. काम बंद होऊन महिने झाले तरी भिंतींतून तो गेला नव्हता. दादा उशांना टेकून बसले होते. उशाखाली पाचवा भाग हाताला लागेना, म्हणून ते अस्वस्थ झाले होते. काकूंनी आल्या आल्या पाचवा भाग त्यांच्या हातात दिला. दादांनी कडा तपासल्या. दोरा तसाच होता.

"दादा," काकू म्हणाल्या, "शेवट वाईट आहे म्हणतात. ऐकायचा की नाही, तुम्ही सांगा. नको असेल तर मी असाच वाचनालयात नेऊन देते. पण अर्धा वाचून पुरा झाला असं मी सांगणार नाही."

दादांनी एकेकाकडे पाहिलं. चष्मेवाला खिडकीबाहेर बघत होता. दारात सून उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

"याचा अर्थ कुणीतरी बघितलंय," दादा म्हणाले. "चष्मेवाल्या, तूच ना?"

"दादा, चुकलो."

"पुढच्या पुस्तकाला तू बाहेर. खुनी सांगितलास का कुणाला?"

"नाही हो. तो मी वाचलाच नाही."

"मग भांडण शाबूत आहे. बोला. माझा मुनीम."

"पुतण्या," काकू म्हणाल्या.

"बायको," कंडक्टर म्हणाला, आणि सवयीनं हसण्याची वाट बघत थांबला.

दादांना सुरी धरवेना. त्यांनी ती काकूंकडे दिली. "काप. आणि वाच तूच."

"मी? रात्र होईल."

"मला कुठे जायचंय?"

काकूंनी टाके कापले आणि वाचायला सुरुवात केली. बोट ओळीखाली, एकेक शब्द जोडत. कुठे अडल्या तर कुणी पुढचा शब्द सांगायचा नाही, हे त्यांनी डोळ्यांनीच बजावलं. मुनीम सुटला. मग पुतण्याही सुटला, आणि काकूंनी तोंड वाकडं करून पुढचं वाक्य घेतलं. चौथ्या खुर्चीवर बसली होती ती बायकोच. दोन पेल्यांतून प्यायली, दोन खुर्च्यांवर बसली, म्हणजे पोलीस चौथ्या माणसाला शोधत बसतील.

कंडक्टर ताडकन उठला. "चौदा पुस्तकं! चौदा पुस्तकं मी हेच सांगतोय!"

"बस खाली," दादा म्हणाले. "बंद घड्याळसुद्धा... जाऊ दे. बस."

मग शेवटचं पान आलं. काकूंचं बोट ओळीखालून तसंच सरकत राहिलं. त्या पानावर नाव नाही, नुसतं 'खुनी' आहे: खुनी होडीतून पळतो, एककान्या मागे झेपावतो, नदीला पूर आहे, उजव्या बाजूनं वाहत येणारा ओंडका त्याला ऐकू येत नाही. तो बुडाला, असं स्पष्ट लिहिलं होतं. खुनी पुढच्या घाटावर पकडला गेला, जन्मठेप झाली, आणि एककान्याचं प्रेत सापडलं, तेही लिहिलं होतं. काकूंनी तेही वाचलं.

सून आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. दादांचे डोळे मिटलेले होते.

"ते ओंडक्याचं परत वाच," ते म्हणाले.

काकूंनी परत वाचलं.

"गाढव आहे लेखक!" दादांनी डोळे उघडले. "चौदा पुस्तकं हा माणूस ओठ वाचतो, सावल्या बघतो, जमिनीच्या कंपावरून पावलं ओळखतो. आणि एवढा ओंडका त्याला कळत नाही? माझ्या माणसाला असं मारतात?"

"पाणी गढूळ होतं, दादा," चष्मेवाला चाचरत म्हणाला.

"तू बाहेर आहेस, तू बोलू नकोस. मरायला माझी हरकत नाही. सगळेच मरतात, मीही मरतोय, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण नीट मारा म्हणावं!"

सून हसली की रडली हे तिलाही कळलं नाही. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, माझं दुखणं मला ठाऊक नसेल? तू रोज लपवत होतीस, म्हणून मीही गप्प. आता दोघंही सुटलो. पाणी दे."

ते भांडण बरेच दिवस चाललं. लेखकाला एककान्याला मारायचा अधिकार आहे का, यावर दादा एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या. सूनसुद्धा वाद घालू लागली. तिनं चार भाग रात्रीतून उरकले होते आणि तिचं मत होतं की बायकोला फार सोपी शिक्षा झाली. एका दुपारी दादांनी दोरा, दाभण आणि पुठ्ठा मागवला आणि काकूंना पलंगाशी बसवून पाचही भाग बांधायला लावले. "ताण कमी. कापड नाही ते, कागद आहे, फाटेल," असं दर दोन टाक्यांनी बजावत होते. शेवटचं पान आपल्या जागी बसलं तेव्हा त्यांनी पुस्तक उघडून, वाकवून पाहिलं, आणि म्हणाले, "दे वाचनालयात. कुणी पान काढलं तर सापडेल असं बांधलंयस."

एककान्या चौदाव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मेला. बाइंडरदादा त्याच वर्षी, धाकट्या नणंदेच्या लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी वारले.