नीलासच्या गाडीचे उंच दाते

नीलासच्या स्नोमोबाइलच्या पट्ट्याचे दाते झिजून म्हाताऱ्या कुत्र्याच्या दातांसारखे झाले होते, आणि नेमके त्याच वसंतात त्याच्या पोटुशा रेनडिअर माद्या बर्चच्या झाडांच्या घळीत मागे राहिल्या. किती, ते सांगायचं नसतं; रेनडिअर मोजून सांगणं म्हणजे गाठीचा पैसा मोजून दाखवणं. घळीत छातीभर भुसभुशीत बर्फ. चार दिवसांनी कळप समुद्राकडे निघणार. मागे राहिल्या तर त्या तिथेच उपाशी मरणार.

त्याने चार बोटं उंच दात्यांचा पट्टा आणला. चढवला, तर दाते वरच्या पत्र्याला करकरा घासू लागले.

"गाडी तुझ्यावर दात खातेय," बायको राव्ना म्हणाली.

नीलासने पट्टा ओढणारी चाकं काढून लहान बसवली, पत्र्यातून खाली आलेले बोल्ट कापले. तिसऱ्या दिवशी पट्टा गुमान फिरला.

"सावकाश हाक हो. एकदम जोर दिलास तर पट्टा बर्फ खणत बसेल."

"मला शिकवतेस? तू पाळण्यात होतीस तेव्हापासून चालवतोय."

"तेव्हा तूही पाळण्यातच होतास. शेजारच्या."

बर्फावरून गाडी हंसिणीसारखी निघाली. नीलासला इतका आनंद झाला, की तो गाडीचंच योइक, म्हणजे तिच्यासाठीचं खास गाणं, गाऊ लागला. शब्द कसले, नुसतं लो-लो-ला. घळीत माद्या दिसल्या आणि त्याने अंगठ्याने वेगाची कळ पुरती दाबली.

दाते खाली गेले ते गेलेच. बर्फाचा फवारा उडाला, गाडी जागच्या जागी बुडाली. मागून, गाडीने दाबलेल्या वाटेवरून, राव्ना स्कीवर आली तेव्हा नीलासची फक्त टोपी दिसत होती.

"एवढं भोक पाडलंस बर्फात, मासा लागला का रे?"

तो उत्तर देणार, तोच मानेवर ऊन ऊन श्वास आला. पांढरतोंडी, सगळ्यांत म्हातारी मादी, खड्ड्यात डोकावत होती. दात्यांनी थेट जमीन उघडी केली होती, आणि तिथे करडं, ओलसर दगडफूल, रेनडिअरचा हिवाळ्यातला चारा, पसरलं होतं. ती घसरत खाली उतरली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी.

"हलू नकोस," राव्ना पुटपुटली.

"हलतोय कुठे! माझ्या बुटावर उभी आहे ती."

राव्नाने पांढरतोंडीच्या गळ्यात अलगद फास टाकला. गाडी उकरून काढायला दोघांना अर्धा दिवस लागला. तोवर माद्या पोटभर चरल्या. मग पांढरतोंडीचा दोर गाडीला बांधला, आणि दाबलेल्या वाटेवरून बाकीच्या एकीमागे एक निघाल्या.

कळपापाशी शेजारी माहत्ते डोळे विस्फारून उभा. "कशा आणल्यास रे?"

"खड्डा खणला. दगडफुलाचा."

"मुद्दाम?"

नीलासने बुटाकडे पाहिलं.

"मुद्दाम," राव्नाच म्हणाली, आणि दोर सोडवायला पाठ करून वळली. तिचे खांदे मात्र हसून गदगदत होते.