मागं धरणारी

हेडफोनची उजव्या कानावरची मऊ गादी एका जागी उसवली होती आणि फटीतून आतला काळा स्पंज डोकावत होता. विनिता त्यावरून अंगठा फिरवत बसली — मोबाइल दुसऱ्या हातात, फाइल समोर उघडलेली, नुसतं बोट टेकवायचा अवकाश... पण नाही. आधी हा स्पंज आत ढकलू, मग बघू. कंपनीची बस कळंबोलीच्या सर्कलला अडकली होती, म्हणजे रोज जिथे अडकते तिथेच. दोन्ही बाजूंना लोखंड लादलेले ट्रेलर, पुढे कुणीतरी उगाचच हॉर्न दाबून धरलेला, आणि मागच्या सीटवर स्टोअरमधल्या दोघांची सोसायटीच्या पाण्यावरून जुंपलेली. तळोजा यायला अजून बराच वेळ होता. वेळच वेळ होता, आणि नेमका तोच नको होता.

हे हेडफोन तिने गणपतीत घेतले, स्वतःच्या हौसेने. पहिल्या दिवशी याच बसमध्ये बाहेरचा आवाज मारणारं ते बटण दाबलं आणि इंजिनाची घरघर, खिडक्यांची खडखड, सगळं कुणीतरी अलगद उचलून शेजारच्या खोलीत नेऊन ठेवलं... तिला चक्क रडू आलं होतं. एवढी शांतता आपल्या वाट्याला कधी आली होती? लहानपणी गावातलं घर, तिथे आईकडे सदा येणाऱ्या-जाणाऱ्या बायका. लग्नानंतर कामोठ्यातला फ्लॅट, खाली क्लासला येणारी पोरं आणि रिक्षावाले. आणि ऑफिसात डिस्पॅचचे दोन फोन, जे एकाच वेळी गप्प आहेत असं कुणी कधी पाहिलेलं नाही. सुरुवातीला ती गाणी लावायची. पुढे पुढे गाणंसुद्धा नकोसं झालं. नुसतं बटण दाबायचं, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात जगाला म्हणायचं, बसा बाबांनो तिकडेच. बसमधले लोक म्हणत, मॅडमना गाण्याचं भारी वेड. तिने ते कधी खोडून काढलं नाही.

सकाळी डबा भरताना वल्लरीचा फोन आला होता. वल्लरी म्हणजे भाची, बळीरामदादाची मुलगी, जिची हळद पुढच्या आठवड्यात. आत्या, आजीच्या धवल्यांची फाइल आजच पाठव, डीजेवाला आवाज मोठा करून देणार आहे, असं ती म्हणाली, आणि किती हसत म्हणाली.

आगऱ्यांचं लग्न धवल्यांशिवाय लागतं का कधी! मांडवात उंबराची फांदी आली की धवलारीण बसते आणि एकेका देवाला नाव घेऊन, गाण्यातून, लग्नाला बोलावते. विनिताची आई, भीमाबाई, या पट्ट्यातली नावाजलेली धवलारीण. करंजाड्याच्या आसपासच्या गावांत निम्मी लग्नं तिच्या आवाजात लागलेली. आणि आता सख्ख्या नातीचं लग्न, तर तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. दिवाळी सरली न सरली तोच झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजतं सगळं, सांगता काही येत नाही. पण आवाज आहे ना, असं दादा अख्ख्या गावाला सांगत सुटला होता, आमच्या विनीने भरून ठेवलाय मोबाइलमध्ये. मांडवात आईचाच आवाज वाजणार. शेजारच्या गावची दुसरी धवलारीण आपणहून विचारायला आली, तिला त्याने चहा पाजून परत पाठवली. आणि तो हे सांगत असताना खाटेवरच्या आईचा चेहरा... झटक्यानंतर तो हसताना विनिताने तेव्हाच काय तो पाहिला होता.

ती फाइल मात्र तिने आजवर एकदाही ऐकली नव्हती. आधी राहून गेलं. मग ऐकायची छातीच होईना. आज भाग होतं. निदान नीट आहे ना, एवढं तरी बघून पाठवायला हवं. तिने बोट टेकवलं.

सर्र... मग कुणाचा तरी श्वास, अगदी कानाला लागून. मग 'हं'. मग शांतता — आणि ती कुठलीही शांतता नव्हे, तिच्या ओळखीची, बटण दाबल्यावरची, गुळगुळीत. मग पुन्हा 'हं'. मग विहिरीच्या तळातून आल्यासारखं एक अर्धं अक्षर, तेही उमटता उमटता पुसलेलं. 'हं... आई, पुढे?' तिने पुढे ढकलून पाहिलं. मधूनच लावून पाहिलं, शेवटाकडून पाहिलं. सगळीकडे विनिताच होती. घसा खाकरणारी विनिता, नाक ओढणारी विनिता, हं म्हणणारी विनिता. इतकी स्वच्छ, इतकी जवळ की तिला स्वतःचीच किळस आली. आई कुठेच नव्हती.

असं कसं होईल? आई तर समोर बसून गात होती. मी होते तिथे. माझ्या अंगावर काटा आला होता...

भाऊबीजेची दुपार. आई आधी तयारच होईना. लग्न नसताना धवला म्हणत नाहीत, देवांना बोलावायचं आणि इथे मांडवच नाही, ही काय थट्टा झाली, असं तिचं म्हणणं. 'लगीन नाय, हलद नाय, आनि धवला कुनासाठी गो?' विनिताने हट्ट धरला. मग तोडही आईनेच काढली — परसातून उंबराची डहाळी आणवली, पाटावर दोन नारळ मांडले, एकाला हळद लावली, एकाला कुंकू, आणि म्हणाली, आता या दोघांचं लग्न. दोघी किती हसल्या! हसता हसता आई मध्येच गंभीर झाली, देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले, पुटपुटली काहीतरी. मग म्हणाली, 'माजे मागं धर. मागं धरनारी पायजे.' एकीने ओळ म्हणायची, दुसरीने तिची शेपटी उचलायची, अशी रीत. आईच्या मागं धरायला जन्मभर गुणाबाई होती, ती दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. विनिताला तर एकाही धवल्याचे शब्द येत नव्हते. शाळा, कॉलेज, नोकरी, शिकायचं राहूनच गेलं... खरं तर लाजच वाटायची तेव्हा. आई म्हणाली, येत नाय तर नुसतं हं कर. म्हणून ते हं. आणि हे हेडफोन? हे गळ्यात होते, वाटेत ऐकत आली होती ती, बंद करायचं डोक्यातच आलं नाही.

आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे मन सारखं जात होतं आणि ती त्याला मागे ओढत होती. त्या आधीच्या कितीतरी रविवारी ती आईकडे जायची, आई बोलत बसायची, याची सून, त्याची जमीन, विमानतळात गेलेली शेतं... आणि हिच्या कानांवर हे. बटण दाबलेलं. आईला वाटे, लेक थकलीय, गाणी ऐकतेय. आईचे ओठ थांबले की ही म्हणायची, हं. अगदी हेच हं, याच आवाजातलं. पण त्या दिवशी तसं नव्हतं, त्या दिवशी मी ऐकत होते, कानांवर नव्हते, गळ्यात होते, शप्पथ... कुणाला सांगत होती ती? बस हलली. मागच्या दोघांचं पाण्यावरून अजून चालूच होतं आणि तिला ते सगळं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं.

ऑफिसात कॉम्प्युटर बघणाऱ्या प्रणितला तिने गाठलं. त्याने फाइल स्वतःच्या मशीनवर घेतली, कान लावून ऐकली, खालीवर केली, आणि मग तिचाच मोबाइल मागून घेऊन सेटिंगमधली एक खूण दाखवली. आवाज हेडफोनच्या माइकमधून घ्यायचा, अशी ती खूण. बसमधून मीटिंगा भरून घेता याव्यात म्हणून तिनेच कधीतरी केलेली. त्याने समजावून सांगितलं की तो माइक बनवलेलाच असा असतो — ज्याच्या गळ्यात आहे त्याचा आवाज ठेवायचा, बाकी सगळा गोंगाट समजून टाकून द्यायचा.

'पण तो गोंगाट नव्हता,' विनिता म्हणाली.

'त्याला काय माहीत, मॅडम.' त्याने मोबाइल परत दिला. 'लपलेलं असतं तर काढलं असतं मी. ते आत गेलेलंच नाहीये.'

बिचाऱ्याला वाईट वाटलं असावं, थोड्या वेळाने तिच्या टेबलावर चहा ठेवून गेला. चहावर साय धरली. ती ट्रेलरचे नंबर टाकत होती आणि मनात एकामागून एक खोटं रचत होती — मोबाइल पडला म्हणू? फाइल खराब झाली म्हणू? मग एकदम आठवलं, लग्नांच्या व्हिडिओत तर आई असेल! आईने लावलेल्या लग्नांपैकी दोन घरी फोन केले. दोन्हीकडे व्हिडिओ होता, उंबर होता, आईचे हलणारे ओठ होते, आणि व्हिडिओवाल्याने वरून सिनेमाची गाणी घातलेली होती. उगीच बायकांचा कलकलाट नको म्हणून, त्यातल्या एका घरची बाई भाबडेपणाने म्हणाली. विनिताने फोन ठेवला. आता कुणाला काय विचारायचं तेच तिला कळेना. जगातून एक अख्खा आवाज निघून गेला होता आणि तो घालवणारी बाई डिस्पॅचच्या नोंदी करत बसली होती, यापेक्षा जास्त काही तिला करता येत नव्हतं.

संध्याकाळी ती कामोठ्याला उतरलीच नाही. थेट गावी गेली. दादाला आधी सांगायचं, असं ठरवून गेली होती; दादा लग्नपत्रिका वाटायला उरणकडे गेलेला. ओटीवर मांडवाच्या कापडाचे गठ्ठे पडलेले. आत आई खाटेवर, पाठीला उशी लावून. आणि वल्लरी लगबगीने पुढे येत म्हणाली की आजीला फाइल येणार म्हणून सांगितलं, तेव्हापासून ती दाराकडेच डोळे लावून बसलीय. आधी तिला ऐकव, मी चहा टाकते, म्हणून पोरगी आत गेलीसुद्धा.

आईने डावा हात उचलला आणि विनिताच्या गळ्यातल्या हेडफोनकडे बोट केलं.

सांगायची वेळ हीच होती. तेव्हाच सांगायचं होतं. पण आईचा तो चेहरा — तोच, हसणारा — समोर असताना हातांनी परस्पर आपलं काम केलं: आईचे पातळ केस मागे सारले, ते दोन काळे गोळे तिच्या कानांवर बसवले, बोट टेकवलं. आई डोळे मिटून ऐकू लागली. विनिता बघत राहिली. आईच्या कपाळावर एक आठी आली, गेली, पुन्हा आली. तिने डोळे उघडले. विनिताकडे बोट केलं आणि मान डोलावली: तू आहेस. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि तो हात हळूच उलटा केला, रिकामा.

मग मान वळवून तिने देव्हाऱ्याकडे बघितलं. बघता बघता तिचा चेहरा असा निवला, जणू कधीपासून पडलेलं कोडं सुटलं असावं. डाव्या हाताने तिने आधी एका गालावर हलकेच मारून घेतलं, मग दुसऱ्या. आणि मग तो हात कपाळाला लावला. विनिताला त्या हाताचा अर्थ कळला. लग्नाशिवाय देवांना बोलावलं... नारळांचं लग्न लावून फसवलं त्यांना... म्हणून गळ्यातला आवाज नेला, आणि भरून ठेवलेला होता तोही नेला. आई हे आत्ता नाही, झटका आल्या दिवसापासून मनात धरून होती. आज तिला खात्री पटली.

'नाय गो आय,' विनिताने तिच्या कानांवरचे हेडफोन ओढून काढले. किती वर्षांनी ती गावच्या बोलीत बोलत होती, तिलाही कळलं नाही. 'देव नाय. मीच. माजी चूक हाय. मोबाइलमदी एक खून चुकीची ऱ्हायली, यानं फक्त माजाच आवाज घेतला, तुजा टाकला. देवाचा काय संबंध नाय.'

आईने सगळं ऐकून घेतलं. मग डावा हात विनिताच्या डोक्यावर ठेवला आणि मान हलवली, नाही, नाही, अशी. लहानपणी भावाने फोडलेली बरणी ही स्वतःच्या अंगावर घ्यायची, तेव्हा आई हलवायची तशीच. भोळी आहेस, असं त्या डोळ्यांत होतं. मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. विनिता पुन्हा बोलली, मोबाइल उघडून ती खूण दाखवली, माइक दाखवला, प्रणितचं नाव घेतलं. आईने त्या उजळलेल्या काचेकडे बघितलंसुद्धा नाही. आतून वल्लरीने विचारलं, आत्या, डीजेवाल्याला पाठवलीस का गं? दिवसभर तिला एकच भीती होती, की सांगावं लागेल. आता सांगून झालं होतं, आणि तिची चूक कुणी तिच्याकडे ठेवूही देत नव्हतं. आईने ती केव्हाच उचलून आपल्या पदरात बांधून घेतली होती. तो हात केसांतून फिरत होता, समजूत घालत होता, आणि विनिता मान खाली घालून ती समजूत घालून घेत राहिली.