खंडोबाच्या यात्रेतला पहिला गोळा

१९९८ च्या दिवाळीनंतर माझ्या परवान्याचे कागद एकदाचे पुरे होत आले. पोलिसांचा ना-हरकत दाखला झाला, डॉक्टरांचा झाला, जागेचा नकाशा झाला. त्यासाठी इतके हेलपाटे घातले की कचेरीच्या गेटवरचा शिपाई मला बघून “आल्या दारूवाल्या बाई” म्हणायला लागला. शोभेची दारू रे बाबा, असं मी त्याला दरवेळी सुनावायची.

आता दोनच गोष्टी राहिल्या होत्या. परवाना देणाऱ्या साहेबांसमोर एक अख्खी आतषबाजी माझ्या देखरेखीखाली पार पाडायची आणि अनुभवाच्या दाखल्यावर पुंजाराममामांनी सही करायची. मामा माझ्या आईचे थोरले भाऊ, तीस वर्षांपासून परवानाधारक. गंगापूर रोडच्या आमच्या मळ्यात झेंडू तोडायचा कंटाळा म्हणून मी त्यांच्या हाताखाली गेले, ती सहा वर्षं तिथेच रमले. लग्नाचं विचारणाऱ्यांना “आधी परवाना” सांगून कटवत होते.

साहेब सिन्नरजवळच्या एका गावात, खंडोबाच्या यात्रेला आले. तिथली पद्धत अशी, की आधी दारूचे गोळे उडवायच्या मोकळ्या लोखंडी नळ्यांची पूजा करायची, पहिल्या नळीवर नारळ फोडायचा, मग नळ्या कोरड्या पुसून गोळे भरायचे. त्या संध्याकाळी पालखीला उशीर झाला. साहेबांनी सातची वेळ दिली होती, म्हणून मी आधीच गोळे भरले. मामा तेव्हा चहाला गेले होते. तेवढ्यात पालखी आली, भंडारा उधळला, एकच गडबड उडाली आणि मामांनी येऊन पहिल्या नळीच्या काठावर नारळ फोडला.

पाणी आत गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसले. देवाचं काम, त्यात मामा, त्यात साहेब समोर खुर्चीत. एरवी माझं तोंड कधी बंद असतं? थोडंसंच गेलंय, असं मनाला समजावून मी लांब काठीच्या मशालीनं वात पेटवली.

वात सुरसुरत नळीत शिरली. पुढे काहीच झालं नाही.

न उडालेल्या गोळ्याजवळ अर्धा तास कुणी फिरकायचं नाही, हा नियम. आत ठिणगी धुमसत असू शकते. “थांबा! कुणी पुढं येऊ नका!” मी ओरडले. बाकीच्या नळ्या त्या नळीला लागूनच होत्या, त्यामुळे सगळंच अडलं.

तीन-चार हजार माणसं शिट्ट्या मारायला लागली. यात्रा कमिटीचा जयराम तावातावानं आला. “ओ मामा, बाईच्या हातानं कुठं दारू उडती का? बघा की काय झालं ते!”

मामा तडक नळीकडे निघाले. नळीवर वाकलं की डोकं जातं, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

“सोड उजे. माझी अब्रू चाललीय.”

“नाय सोडणार.”

“सही माझी हाय. सोडलं नाय, तर परवाना विसर.”

मला संताप आला. मी त्यांच्या कमरेला मिठी घातली, ओढत मागे आणलं आणि गावासमोर मातीत बसवलं. लोक खदाखदा हसले. साठीचा माणूस, माझ्या आईचा भाऊ, आणि मी त्याचं हे केलं.

मी घड्याळावर नजर ठेवून बसले. बाराव्या मिनिटाला नळीतून धुराची बारीक रेघ निघाली. मामांचा दंड मी आणखी घट्ट आवळला. रेघ विरून गेली. चाळीस मिनिटांनी नळीत दोन बादल्या पाणी ओतून मी गोळा काढला. तो तसाच अख्खा होता.

साहेबांनी बाकीचे गोळे उडवू दिले नाहीत. “भरलेल्या नळीवर नारळ फोडला कुणी?”

“चूक माझी,” मी म्हणाले. “मी पाहिलं आणि बोलले नाही.”

त्यांनी ते लिहून घेतलं. सहा वर्षं पाण्यात गेली, असं वाटून मला रडू फुटलं.

“साहेब, नारळ मी फोडला,” मामा म्हणाले. “नळी भरलेली मला दिसलीच नाय.”

“एवढ्या दिव्यांच्या उजेडात?”

“दोन वर्षं झाली. नीट दिसतच नाय मला.”

दोन वर्षं मामा प्रत्येक यात्रेत मशाल माझ्या हाती देत होते. माझा हात तयार झाला म्हणून देतात, अशी केवढी मिजास होती मला.

साहेबांनी त्यांचा परवाना मागितला. मामांनी खिशातून तो काढला, पण हातातच ठेवला.

“जरा थांबा साहेब. परवाना गेलेल्याची सही चालायची नाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दाखला आण, उजे.”

साहेबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मी कागद पुठ्ठ्यावर ठेवून पुढे धरला. मामांनी तो नाकापर्यंत नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला.

“कुठं करू?”

मी त्यांचा हात धरला आणि पेनाचं टोक रेघेवर टेकवलं.