सरकलेलं भिंग

थेंब बाटलीच्या तोंडाशी लोंबत होता... एक नव्हे, दोन. एक वर, दुसरा जरा खाली, फिकट — आणि त्यामागं दोन उद्धवराव, दोघांचाही चेहरा निवृत्त वकिलाचा, गंभीर. "पापणी हालवू नको, सिंधू. मी टाकून राहिलो ना." मोतीबिंदू काढून बसवलेलं डाव्या डोळ्यातलं भिंग खाली सरकल्यापासून तिला सगळं असं जोडीनं दिसे, आणि हा नवरा दोनदा दिसावा यासारखी दुसरी चीड नव्हती.

सून श्रावणी म्हणे, बाबा किती करतात तुमचं. करतातच. अंगठ्यानं खालची पापणी हळूच ओढतात, ओघळलेलं औषध कापसानं टिपतात, आणि तिचे दात संतापानं आवळले जातात — कारण हात तोच... अकोटचं भाड्याचं घर, खटला हरून आलेले हे, आणि चहा गार होता. चहा गार होता, बस! हातातला अडकित्ता भिरकावला तो थेट तिच्या डाव्या डोळ्यावर. शेजारच्या मैनाबाईला तिनं दार लागलं म्हणून सांगितलं. तो अडकित्ता अजून घरात आहे. जेवण झालं की त्यानंच सुपारी कातरतात, माझ्यापुढे धरतात, आणि मी घेते. का घेते मी?

अकोल्याला ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलंच होतं, डोळ्याला कधी मार लागला होता का. तिच्याआधी उद्धवरावच बोलले होते, नाही म्हणून. अब्रूसाठी खोटं बोलले, असं धरून ती तेव्हापासून धुमसत होती.

त्याच दुपारी अमरावतीच्या डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला, डावा तपासला आणि तेच विचारलं. भिंगाची पिशवी धरून ठेवणारे बारीक धागे एका बाजूनं तुटलेत, आता भिंग शिवून बसवावं लागेल. जुना मार असेल तर उजव्या डोळ्याची फारशी धास्ती नाही. नसेल तर हा आजार, मग तिकडचेही धागे कच्चेच धरायचे.

"नाही हो, कधीच नाही," उद्धवराव म्हणाले. मग तिच्याकडे वळून, अगदी साध्या काळजीनं, "लहानपणी तुले काही लागलं होतं काय?"

खोटं नव्हतं ते. त्यांना आठवतच नव्हतं... माहेरापासून, पोरांपासून, सुनेपासून तिनं जे लपवून ठेवलं, ते हा माणूस त्याच संध्याकाळी विसरून जेवायला बसला होता. इतकी वर्षं मी एकटीच वागवत होते हे, एकटीच! खोट्याचा राग परवडला असता, त्यात निदान आठवणारे दोघं होते.

"लागलं होतं," ती म्हणाली. "लहानपणी नाही. अकोटले."

"कशानं?" डॉक्टरांनी विचारलं.

समोर दोन उद्धवराव, दोघंही भुवया उंचावून थांबलेले, नेहमीसारखं तिनंच पुढचं सांगून टाकावं म्हणून. तिनं सांगितलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली... वरच्याकडे, मग खालच्या फिकट दिसणाऱ्याकडे... आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या संतापाला कसली घाई नव्हती.