नाल्याबद्दल चार पत्रं

माझी बायको दुर्पता २००७ च्या जुलैत गेली. ताप डोक्यात गेला होता. चिचगडच्या दवाखान्यात न्यायला जीप आली, पण नाल्याला पूर होता, म्हणून ती पलीकडेच उभी राहिली. अलीकडे आम्ही चौघं खाट धरून उभे. पाणी तीन तास उतरलं नाही. दुर्पता दुसऱ्या तासात गेली. जीपवाल्याने पलीकडून हात हलवून विचारलं, काय झालं? मीही हात हलवला. तो निघून गेला.

पुढच्या एप्रिलमध्ये मुलगी मोनाली बाळंतपणाला घरी आली. जुलैत तिचे दिवस भरणार होते. मी नाला पाहून आलो. बांधकाम कार्यालयात अर्ज देऊन झाले होते, म्हणून पेपरात लिहायचं ठरवलं.

देवरीचा ईश्वरदास पेपरचा एजंट. पेपर वाटतो, बातम्या पाठवतो, जाहिरातीही घेतो. त्याच्याकडे मी चार पानांचं पत्र दिलं आणि सोबत दुर्पताचा फोटो. कोण गेलं ते वाचणाऱ्याला दिसावं, असं मला वाटलं. पाकीट गोंदियाला, पेपरच्या कचेरीत गेलं. आठव्या दिवशी फोटो छापून आला, श्रद्धांजलीच्या पानावर. खाली 'शोकाकुल' आणि माझं नाव. नाल्याचा एक शब्द नाही.

तेरवीला न आलेले लोक त्या आठवड्यात भेटायला आले. मोनालीने सगळ्यांना चहा दिला. मी नाल्याचं काढलं की ते म्हणत, आता मन शांत ठेवा.

मी परत देवरी गाठली. ईश्वरदास हसला नाही, हे बरं केलं.

"भाऊ, फोटो कायले टाकला? फोटो दिसला का तिकडचा मानूस त्याच पानावर लावते."

"मग कसं लिहू?"

"पयले मागणी. मंग तारीख, मंग आकडे. दीडशे शब्दांत. रडणं नाई. नावही नको."

"तिचं नाव नको?"

"साहेब लोकायले नाव नाई लागत. आकडा लागते."

दुसरं पत्र मी तिथेच बाकावर लिहिलं. पावसाळ्याआधी नाल्यावर पाइप टाकावेत. घरं चौसष्ट. शाळेत जाणारी मुलं एकोणीस. गेल्या पावसाळ्यात रस्ता बंद अकरा वेळा. मृत्यू. तिथे पेन थांबला.

"लिवा," ईश्वरदास म्हणाला.

एक, असं लिहिलं.

ते छापून आलं. चार दिवसांनी कार्यालयाचा खुलासा आला: सदर महिलेचा मृत्यू तापाने झाला असून त्याचा नाल्याशी संबंध नाही.

मोनालीने तो दोनदा वाचला. "बाबा, हे लोक असं काऊन लिहून राहिले?"

"खरंच लिवलं हाये," मी म्हणालो.

तिसरं पत्र चार ओळींचं होतं. खुलासा बरोबर आहे. दुर्पताला तापच होता. तापाचं औषध नाल्यापलीकडे होतं. माझी मुलगी जुलैत बाळंत होणार आहे, तिच्याबद्दलचा खुलासा आताच लिहून ठेवावा.

ईश्वरदासने वाचलं. नाव पाहिलं, पण खोडलं नाही. पेपरवाल्यांनी ते चौकटीत छापलं.

जूनमध्ये ट्रॅक्टर आला. तीन सिमेंटचे पाइप, वर मुरूम. सोबतच्या इंजिनियरने विचारलं, "यादोराव कोण?"

"मी."

"पत्रं फार लिहिता तुम्ही."

"आधी अर्ज लिहिले होते," मी म्हणालो.

जुलैत एका दुपारी मोनालीच्या पोटात कळा सुरू झाल्या. पाऊस दोन दिवसांपासून होता. पाणी पाइपांवरून वाहत होतं, अर्धं चाक बुडेल इतकं. जीपवाल्याने खाली उतरून पाहिलं, परत बसला आणि गाडी घातली. मी मोनालीचा हात धरला होता. पलीकडे गेल्यावर ती म्हणाली, दुखते, सोडा.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर कागद घेऊन बसलो.

"बाबा, आता काय लिहून राहिले?"

"आभार."

तिने कागद ओढून वाचला. "यात तं लिवलं हाये, पाच पाइप लागत होते, तीनच टाकले. मंग आभार कायचे?"

"आभार वर लिवले का छापते."